कर्त्याचा रकाना : संगणकीय गीतसंग्रह आणि आंबेडकरी गाणे

आंबेडकरी गीतांविषयी आजवर जे समीक्षालेखन झाले ते बहुतांशी छापील संग्रह समोर ठेवून झाले. गाणे मात्र केवळ कागदावर जगले नाही. ते जलशात जगले, कव्वालीच्या सामन्यात जगले, लग्नाच्या मांडवात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे सरकणाऱ्या रांगेत जगले. १९८० च्या दशकात ते कॅसेटवर आले. कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून एमपी-थ्रीच्या फायलींत, आणि आता ते कोणाच्या तरी संगणकात किंवा मोबाईलमधल्या नखाएवढ्या कार्डात पडून आहे. म्हणजे आपल्या वाङ्मयाचा एक मोठा साठा आज पुस्तकांच्या कपाटात नसून फायलींच्या ढिगाऱ्यात आहे.

कोणी कार्यकर्ता, कोणी प्राध्यापक किंवा नुसता गाण्याचा वेडा माणूस हा ढिगारा नीट लावावयास बसतो तेव्हा पडद्यावर त्याला पहिले शब्द दिसतात ते ‘अज्ञात कलाकार’. त्याखाली ‘अज्ञात अल्बम’. त्याखाली ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. मग तो एकेक रकाना भरू लागतो. कोणी म्हणेल, ही तर कारकुनी झाली. माझे म्हणणे असे की ही समीक्षाच आहे, आणि ती फार निष्काळजीपणे केली जात आहे. गाणे कोणाचे, ते कोणत्या जातकुळीचे, ते कोणत्या काळाचे, हे प्रश्न रकाना भरणारा माणूस दर गाण्यामागे निकालात काढीत असतो. समीक्षक तरी ह्याहून निराळे काय करतो?

प्रथम ह्या व्यवस्थेची घडण समजून घेऊ. विनॅम्प, आयट्यून्स, मीडियामंकी, म्यूझिकबी, फूबार २००० अशी संग्रह लावणारी अनेक सॉफ्टवेअरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आली. त्यांची रूपे निरनिराळी असली तरी ती उभी आहेत एकाच पायावर. गाण्याच्या फायलीत ध्वनीबरोबर थोडा मजकूरही साठवता येतो. त्याला टॅग म्हणतात. सॉफ्टवेअर तो मजकूर वाचते, त्याची सूची करते आणि आपण मागू त्या क्रमाने गाणी पुढे मांडते. फाईल कोणत्या फोल्डरमध्ये पडली आहे ह्याला मग फारसे महत्त्व उरत नाही. ही कल्पना चांगली आहे. इतकेच नव्हे, ती आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. फोल्डरची रचना गावासारखी असते. एकाला एकच जागा, ती वरून ठरलेली, आणि एकदा ज्या आळीत टाकले त्याच आळीत मरेपर्यंत राहावयाचे. टॅगच्या रचनेत तेच गाणे कवीच्या नावाखाली सापडते, गायिकेच्या नावाखाली सापडते, सालाखाली आणि प्रसंगाखालीही सापडते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली ग्रंथांसाठी कोलन वर्गीकरण मांडले त्यामागेही हाच विचार होता, की एका विषयाला अनेक बाजू असतात आणि त्या सगळ्यांची नोंद झाली पाहिजे.

दोष कल्पनेत नाही. तो रकान्यांत आहे. १९९६ साली एरिक केम्प ह्यांनी एमपी-थ्री फायलीच्या शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडण्याची युक्ती काढली. ती आयडी-थ्री ह्या नावाने प्रसिद्ध झाली. ह्या पट्टीत शीर्षकाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि गाण्याच्या प्रकाराला १ बाइट अशी वाटणी होती. वाचकांनी ही वाटणी पुन्हा एकदा वाचावी. तीत गाणे लिहिणारा कोठे आहे? कोठेच नाही. त्याला एका अक्षराचीही जागा दिलेली नाही. गाणाऱ्याला आहे, कंपनीने ज्या वेष्टनात ते विकले त्या अल्बमला आहे, कवीला नाही. चाल बांधणाराही नाही. ही रचना करणाऱ्याच्या मनात कवीविषयी आकस होता असे मी म्हणत नाही. त्याच्यासमोर अमेरिकेतल्या दुकानातली सीडी होती, आणि त्या दुकानात गाणे गायकाच्या किंवा बँडच्या नावावर खपते. पण एखादी व्यवस्था अन्याय करते तेव्हा ती दर वेळी आकसाने करीत असते असे थोडेच आहे! पुष्कळदा ती नुसती जागा ठेवीत नाही.

आणखी एक गंमत पाहा. आज देवनागरी अक्षरे साठवण्याची जी यूटीएफ-८ ही सर्वमान्य पद्धत आहे, तीत आपल्या लिपीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्ताच्या खुणेलाही, तीन-तीन बाइट लागतात. ‘वामनदादा कर्डक’ हे नाव असे मोजले तर ४० बाइट भरते. तीसच्या रकान्यात ते मावत नाही. रोमन लिपीत लिहिले तर १६ मध्ये बसते. त्या जुन्या पट्टीत देवनागरीची सोय मुळातच नव्हती, हा भाग वेगळा. वामनदादांना आपल्या लिपीत त्या पट्टीत शिरता येत नव्हते, एवढी गोष्ट खरी.

पुढे १९९८ साली ह्या पद्धतीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात जागेचा प्रश्न सुटला, संगीतकाराला रकाना मिळाला आणि गीतलेखकालाही मिळाला. २००० सालच्या सुधारणेने यूटीएफ-८ देखील आले. म्हणजे दार उघडले. पण दार उघडणे आणि आत बोलावणे ह्यांत अंतर असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. गीतलेखकाचा रकाना फायलीत असतो. पडद्यावर तो बहुधा दिसत नाही. सॉफ्टवेअर उघडताच समोर येतात ते शीर्षक, कलाकार, अल्बम. आयट्यून्सच्या माहितीच्या चौकटीत संगीतकाराला जागा होती, गीतलेखकाला नव्हती. गाण्याचे शब्द उतरवून ठेवण्यास मात्र स्वतंत्र पान होते! शब्द पाहिजेत, शब्दांचा धनी नको.

आता हे आपल्या गाण्याला लावून पाहू.

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मले आणि २००४ साली गेले. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. त्यांनी हजारो गीते लिहिली आणि गावोगाव हिंडून स्वतः गायिली. पण त्यांची गाणी त्यांच्यापाशी थांबली नाहीत. अनेक पिढ्यांच्या गायकांनी आणि गायिकांनी ती उचलली. काहींनी कवीचे नाव घेऊन गायिली, काहींनी न घेता. अशा एका गाण्याची दहा ध्वनिमुद्रणे एखाद्या संग्रहात आली तर सॉफ्टवेअर ती दहा कलाकारांची दहा गाणी म्हणून मांडते. वामनदादांचे नाव शोधाच्या चौकटीत टाकले तर त्यांच्या स्वतःच्या आवाजातली तेवढी सापडतात. बाकीची नऊ त्यांची नाहीतच. ज्याच्या शब्दांवर हा सारा डोलारा उभा राहिला तो माणूस स्वतःच्याच गाण्यात परका होतो.

येथे मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते असे, की हे गाणे निनावी नव्हतेच. त्याची नोंद गाण्याच्या आतच होती. वामनदादांच्या गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेले असते. आपल्या शाहिरांची, कव्वालांची आणि त्यांच्याआधी संतांची ही रीतच आहे. चोखोबांच्या अभंगात चोखोबांचे नाव येते. सोयराबाई तर चोखोबांची पत्नी म्हणून स्वतःची ओळख अभंगातच देतात. ज्यांना लिहिण्याचा अधिकार नव्हता, ज्यांची पोथी कोणी सांभाळणार नव्हते, त्यांनी आपले नाव अशा ठिकाणी ठेवले की गाणे गायचे तर ते नाव उच्चारावेच लागेल. नाममुद्रेकडे आपले समीक्षक एक काव्यसंकेत म्हणून पाहतात. ती त्याहून अधिक काही आहे. ती मालकीची नोंद आहे. फायलीतल्या टॅगच्या शेकडो वर्षे आधीची, आणि अधिक पक्की. टॅग एका कळीने पुसता येतो. शेवटच्या कडव्यातले नाव पुसावयाचे तर वृत्त मोडावे लागते.

सॉफ्टवेअरला हे ऐकू येत नाही. पण रकाना भरणाऱ्या माणसाला कान आहेत. त्याने गाणे शेवटपर्यंत ऐकले तर त्याला कवी सापडतो. तो ऐकत नाही. तो पहिली ओळ ऐकतो, ती शीर्षकात टाकतो, आवाज ओळखतो, तो कलाकारात टाकतो आणि पुढच्या फायलीकडे वळतो. सोयराबाईंचा एक अभंग किशोरी आमोणकर यांच्या स्वरात महाराष्ट्रभर पोहोचला. किशोरीताईंच्या गायनाचे मोल कमी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण कलाकाराच्या रकान्यात त्यांचे नाव, प्रकाराच्या रकान्यात ‘भक्तिसंगीत’, आणि सोयराबाईंना जागाच नाही, अशी त्याची नोंद होत असेल तर चौदाव्या शतकातली ती स्त्री दुसऱ्यांदा वेशीबाहेर गेली असेच म्हणावे लागेल.

प्रकाराच्या रकान्याची कथा तर अधिक बोलकी आहे. त्या पहिल्या पट्टीत प्रकारासाठी एक बाइट होता आणि सोबत ८० प्रकारांची क्रमवार यादी होती. शून्य क्रमांकावर ‘ब्लूज’, ७ वर ‘हिप-हॉप’, १२ वर ‘इतर’, १४ वर ‘आर अँड बी’, ३२ वर ‘क्लासिकल’, ३८ वर ‘गॉस्पेल’, ४८ वर ‘एथ्निक’, ६१ वर ‘ख्रिश्चन रॅप’. साधे ‘लोकसंगीत’ त्या ८० मध्ये नव्हते. विनॅम्पने यादी वाढविली तेव्हा ते ८० व्या क्रमांकावर आले. भीमगीताला, जलशाला, पोवाड्याला त्या यादीत दोनच वाटा होत्या : ‘एथ्निक’ व्हा किंवा ‘इतर’ व्हा.

पण ही यादी आली कोठून? अमेरिकेत १९२० च्या दशकापासून ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ ह्या नावाखाली वेगळ्या विकीत. दक्षिणेकडील गोऱ्या गरिबांच्या गाण्यांना ‘हिलबिली’ म्हणत. दोघांचे वाद्य, दोघांची चाल, प्रसंगी दोघांचे गाणेही एकच असे. फरक होता तो गाणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या कातडीचा. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या तक्त्यावरचा ‘रेस’ हा शब्द काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हा शब्द घातला. तोच हा १४ क्रमांकाचा ‘आर अँड बी’. शब्द बदलला, वेगळी पंगत तशीच राहिली. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी आपल्या संघटनेला ब्लॅक पँथरवरून नाव घेतले त्यांच्या वारसांना ह्या इतिहासात आपल्या ओळखीचे काही दिसल्यावाचून राहणार नाही. प्रकाराचा रकाना स्वरांविषयी क्वचितच बोलतो. तो बहुधा माणसांना जागा नेमून देतो.

आपल्याकडे ही जागा कशी नेमली जाते? गाणी ऐकविणाऱ्या आणि विकणाऱ्या अनेक सेवांच्या यादीत भीमगीते ‘भक्तिगीत’ ह्या कप्प्यात आढळतात. गणपतीची आरती, साईबाबांची पालखी आणि तिच्या शेजारी बावीस प्रतिज्ञांवरचे गाणे! त्या प्रतिज्ञांचा आरंभच मुळी देवदेवतांच्या नकाराने होतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मातली भक्ती कदाचित मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा, ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. ज्यांनी हे सांगितले त्यांच्यावरच्या गाण्यांना भक्तीचा टिळा लावून ठेवणे ही काही कारकुनी चूक नव्हे. तो अर्थाचा निकाल आहे.

मात्र येथे आपल्या बाजूचेही तपासले पाहिजे. सारी भीमगीते विद्रोहाचीच आहेत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कित्येक गीतांत बाबासाहेब देव झाले आहेत. आरतीची चाल, आरतीचे शब्द, फक्त मूर्ती बदललेली. अशा गाण्याला कोणी ‘भक्ती’ असा टॅग लावला तर तो टॅग खरा आहे, आणि तो पाहून खजील व्हावयाचे ते आपण. म्हणून ‘भीमगीत’ हा एकच प्रकार करून त्यात सर्व काही ओतावे हेही मला मान्य नाही. त्याने आपला एक वेगळा वाडा तयार होईल इतकेच. जलशाचे गीत, सामन्यातला सवाल-जबाब, पाळणा, नामांतराचे कवन, निवडणुकीचे गाणे, वंदना, स्मरणगीत ह्यांत जो भेद आहे तो नोंदीत आला पाहिजे. दुसऱ्या आवृत्तीपासून प्रकाराच्या रकान्यात हवा तो शब्द लिहिता येतो. अनेक सॉफ्टवेअरे एकाहून अधिक प्रकारही स्वीकारतात. अमेरिकन यादीचे बंधन आता कोणावर नाही. ते आपल्या आळसावर आहे.

सालाचा रकाना वरवर निरुपद्रवी दिसतो. चार आकडे लिहावयाचे. पण कोणते? कॅसेट सीडीवर आली, सीडी नव्या वेष्टनात पुन्हा विकली गेली, मग कोणा कंपनीने ती इंटरनेटवर चढविली, की त्या चढविल्याचे साल टॅगमध्ये बसते. २००४ साली दिवंगत झालेल्या कवीचा आवाज २०१५ साली गात असतो! हे हसण्यावारी नेता येईल. पण नामांतराचे गाणे घ्या. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, १९७९ साली लाँग मार्च निघाला, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ह्या सोळा वर्षांत गायिलेले कवन ही मागणी आहे. ते गाताना लाठी पडू शकत होती. १९९४ नंतर तेच कवन गायिले की ती आठवण होते, उत्सव होतो. शब्द तेच, चाल तीच; अर्थ सालात आहे. साल चुकले तर गाणेच चुकले.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ ह्या छक्कडीचेही तेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून ती तोडली आणि ‘लावणी’ किंवा ‘लोकगीत’ एवढाच टॅग लावून ठेवली, तर ऐकणाऱ्याला ती गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाची कहाणी वाटेल. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाची व्यथा त्या विरहात कालवलेली आहे हे त्याला कळणार नाही. शिवाय ‘लोकगीत’ म्हटले की कर्ता लोक. मग अण्णाभाऊ कशाला हवेत?

ह्या कामासाठी आपल्याला परक्याकडून सारेच शिकण्याची गरज नाही. चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर गाण्यांच्या ज्या लहान पुस्तिका विकल्या जातात त्या उघडून पाहाव्यात. गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहिलेले असते आणि पुढे एखाद्या चित्रपटगीताचे किंवा जुन्या कव्वालीचे नाव असते. मग ध्रुवपद, मग कडवी, शेवटी कवीचे नाव. ही आपली स्वतःची नोंदपद्धती आहे. तिच्यातला ‘चाल’ हा रकाना कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आयता मिळत नाही. मग टॅग करणारा अडतो. संगीतकार म्हणून कोणाला लिहावयाचे? चित्रपटाच्या संगीतकाराला? त्याने हे गाणे कधी ऐकलेही नसेल. गायकाला? चाल त्याची नाही. माझ्या मते संगीतकाराचा रकाना अशा वेळी तसाच ठेवावा आणि ‘चाल’ नावाचा स्वतंत्र रकाना करून त्यात मूळ गीताचे नाव लिहावे. आयडी-थ्रीच्या दुसऱ्या आवृत्तीत वापरणाऱ्याला स्वतःचा रकाना निर्माण करण्याची सोय आहे. एमपी-थ्री-टॅग, फूबार, म्यूझिकबी ह्यांत ती वापरता येते. चाल उसनी घेतली म्हणून आपल्या गाण्याला उणेपणा येतो असे ज्यांना वाटते त्यांनी ती लपवू नये, उलट अभ्यासावी. श्रीमंत चित्रपटाची चाल उचलून तिच्यात वस्तीचे शब्द घालणे ह्यालाही एक इतिहास आहे आणि तो ‘चाल’ ह्या रकान्याशिवाय कधीच लिहिला जाणार नाही.

तसेच ‘पार्टी’चे. कलाकार म्हणून एकच नाव मागणारे हे यंत्र. जलसा मात्र एकट्याचा नसतो. ढोलकीवाला, पेटीवाला, मागे धरणारे झीलकरी, कोरसमधल्या बाया ह्यांच्याविना शाहीर उभा राहत नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाचे जे महत्त्व आहे ते एका माणसाच्या गळ्याचे नाही. (कलाकाराच्या रकान्यात नुसते ‘कर्डक’ लिहून भीमराव आणि वामनदादा एकाच नोंदीत कोंबलेले असू शकतात, हे जाता जाता सांगतो.) वादकांची आणि साथीदारांची नावे, कोणी काय वाजविले त्यासह, नोंदविण्याची सोय आयडी-थ्रीच्या २००० सालच्या आवृत्तीत आहे. नावे मात्र आपण विचारली पाहिजेत. त्यातले अनेक आज नाहीत. जे आहेत ते म्हातारे झाले आहेत.

आणि जातीचा रकाना? स्वतःचा रकाना करता येतो म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. हेमा राईरकर आणि गी पॉईत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. आता पीपल्स आर्काईव्ह ऑफ रूरल इंडिया हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करीत आहे. त्यात ओवी गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते, तालुका असतो आणि जातही असते. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. ‘पारंपरिक’ ह्या एका शब्दाखाली ज्या बायका गाडल्या गेल्या असत्या त्या तेथे नावानिशी उभ्या आहेत. तेथे जात लिहिणे मला योग्य वाटते, कारण ती बाई कोण, काय करते, किती शिकली ह्या तिच्या सगळ्या जगण्याबरोबर ती येते. पण उद्या कोणी ‘दलित’ हा गाण्याचा प्रकार म्हणून टॅग लावू लागला, तर मी विरोध करीन. राग गाणाऱ्यांच्या फायलीवर कोणी जात लिहीत नाही. ती तेथे न लिहिताच वाचली जाते.

राहिला श्रमाचा प्रश्न. आज ही नोंद आपोआप करून देणारी साधने आहेत. सीडी घातली की गाण्यांची नावे आपोआप यावीत म्हणून १९९० च्या दशकात सीडीडीबी नावाची सूची निघाली. हजारो सामान्य लोकांनी आपापल्या सीडींची नावे हाताने टंकून ती फुकट वाढविली. १९९८ साली ती विकली गेली, पुढे तिचे ग्रेसनोट झाले, आणि ज्यांनी ती टंकली त्यांच्या श्रमावर परवान्याचे पैसे घेतले जाऊ लागले. घाम एकाचा, खळे दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. त्या अनुभवातून २००० च्या सुमारास रॉबर्ट के यांनी म्यूझिकब्रेन्झ सुरू केले. ते एका ना-नफा संस्थेकडे आहे, त्याची मूळ माहिती सर्वांना खुली आहे आणि कोणालाही तीत भर घालता येते. तिच्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : ‘कृती’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ ह्यांच्या वेगळ्या नोंदी आहेत. कवीचे नाव कृतीला जोडलेले असते. वामनदादांचे एक गीत कृती म्हणून एकदा नोंदविले आणि त्याची दहा ध्वनिमुद्रणे तिला जोडली, की दहाही ठिकाणी कवी दिसू लागतो. पिकार्ड हे तिचे सॉफ्टवेअर ध्वनीचा ठसा घेऊन फाईल ओळखते आणि ही माहिती टॅगमध्ये उतरवते. पण ठसा ओळखतो तो तेच ध्वनिमुद्रण, आणि तेही आधी कोणी नोंदविले असेल तर. एखाद्या वस्तीत १४ एप्रिलला टेपरेकॉर्डरवर घेतलेली कॅसेट जगातले कोणतेही यंत्र ओळखणार नाही. ती ओळखणारी माणसे त्याच वस्तीत आहेत.

ह्यात भावनेपलीकडचाही एक भाग आहे. २०१२ च्या प्रताधिकार कायद्यातील दुरुस्तीने गीतकाराचा आणि संगीतकाराचा मानधनातील वाटा सोडून देता येणार नाही असा केला. परंतु ज्याचे नावच नोंदीत नाही त्याच्या वारसांनी तो मागावयाचा कशाच्या आधारे?

काम करणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. रोमन लिपीत ‘व्ही’ने लिहिलेले वामन आणि ‘डब्ल्यू’ने लिहिलेले वामन, ‘दादा’सह आणि ‘दादा’विना, अशी एकाच माणसाची चार माणसे होतात. नाव देवनागरीत एकदाच ठरवावे आणि सर्वत्र तसेच लिहावे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेले टॅग आज निरर्थक रोमन अक्षरे होऊन दिसतात; ते फेकून न देता परत वाचून घ्यावेत, कारण कधी कधी कवीचे नाव तेवढे त्यांतच उरलेले असते. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येते आणि डोळ्यांना ते सारखेच दिसते, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. आपोआप टॅग करणाऱ्या साधनाला जुना मजकूर पुसण्याची मुभा देण्याआधी फायलींची एक प्रत बाजूला ठेवावी.

आणि जेथे शेवटचे कडवे गाळलेले आहे, पुस्तिका मिळत नाही, विचारावे असे कोणी उरलेले नाही, तेथे गीतलेखकाच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहू नये. ‘अज्ञात’ही लिहू नये. ‘कवीचा शोध बाकी’ असे लिहावे, आणि शेऱ्यात कॅसेट कोणाकडून, कोणत्या गावात, कोणत्या साली मिळाली ते लिहावे.